दोनदा ठासलेली बंदूक

आजा वारला तेव्हा त्याच्या नावावर दोनच गोष्टी होत्या. डोंगराच्या पायथ्याची एकरभर जमीन आणि एक ठासणीची बंदूक. जमिनीत आत्या आधीपासूनच राबत होती, ती तशीच राबत राहिली. बंदूक मात्र पुण्यानुमोदनाच्या दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात जमा झाली.

"परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो," हवालदार म्हणाले. "वारसानं अर्ज करायचा. अलिबागहून मंजुरी आली की घेऊन जा."

आमचं गाव अलिबागहून रेवसला जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या अंगाला आहे. भात लोंबीला आलं की रानडुकरं उतरतात, वालाच्या शेंगा भरल्या की पुन्हा उतरतात. डुक्कर खातं थोडं आणि लोळतं फार. वनखात्याच्या परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही, आणि आजाला मारायचंही नसे. तो नुसती दारू भरून हवेत बार काढायचा. शेताच्या रक्षणासाठी मिळालेल्या त्या परवान्याचा आमच्या घराला एवढाच उपयोग होता, आणि तो पुरेसा होता.

बंदूक परत आली नाही तर आत्या यंदा वाल पेरणार नव्हती. आणि आत्यानं एक हंगाम शेत टाकलं की बाबा ते विकणार, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. ते स्पष्ट बोलत नसत. "पडीक ठेवून काय करायचं?" एवढंच म्हणत. आमच्या रस्त्याला पडीक जमीन पडीक राहत नाही. मुंबईहून येणाऱ्या रो-रो बोटीतून गाड्या उतरतात, काचा खाली होतात आणि कुणीतरी विचारतं, "इथे समुद्र दिसतो का?" दिसत नसला तरी बंगला होतो.

बाबांची कारखान्यात पाळी, शिवाय छातीत एक स्टेंट. आत्याचा उजवा डोळा ऑपरेशननंतरही धूसरच राहिला. म्हणून अर्ज माझ्या नावानं गेला. बंदूक कधी हातात धरली नव्हती. हातात धरायची सवय होती ती पत्रकांची.

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. आजा सभेहून येताना पिशवीभर आणायचा. गुलाबी, पिवळी, स्वस्त कागदाची, शाई बोटाला लागणारी. गायरानाची, शिष्यवृत्तीची, कारखान्यातल्या कंत्राटी कामगारांची. मी अक्षरं त्यांच्यावर गिरवली. पुढे मी स्वतः लिहू लागले तेव्हा माझ्या हातून तसंच आलं: छोटी वाक्यं, मोठा राग, आणि मध्ये कुठेतरी एक प्रश्न, यात फायदा कुणाचा? हा प्रश्न मी सगळ्यांना लावते. शेजाऱ्यांना लावते, मित्रांना लावते, फुकट मिळालेल्या चहालाही लावते.

म्हणून ठाण्यातून जेव्हा सांगितलं की हत्यार हाताळता येतं असा एखाद्या जाणत्या परवानाधारकाचा जबाब लागेल, आणि गावात असा दुसरा माणूस एकच आहे असं कळलं, तेव्हा तोच प्रश्न आधी डोक्यात आला. ते होते वरच्या आळीतले आबा.

आबांची वाडी आमच्या शेताला लागून. मध्ये फक्त एक ओहोळ. नारळ, केळी, खाली सुरण. मी शाळेत असताना त्यांनी आमच्या वस्तीच्या वाटेवर कुंपण चार हात पुढे सरकवलं होतं. आजानं त्यावर पत्रक काढलं आणि ते ग्रामपंचायतीपासून एसटी थांब्यापर्यंत चिकटवलं. कुंपण मागे गेलं. बोलणंही त्या दिवसापासून थांबलं. आजाच्या मयतीला आबा आले, पण अंगणाच्या कडेला उभे राहून गेले.

आणि आता तेच आबा हवालदारांना म्हणाले होते, "रविवारी पाठवा पोरीला. शिकवतो."

"का शिकवतायत ते?" मी आत्याला विचारलं.

"येतंय म्हणून," आत्या म्हणाली. "तुला पोहायला शिकवलं त्याला तू विचारलंस का, का शिकवतोस?"

"तो माझा मामा होता."

"मग यांना काका समज. वाल पेरायला दीड महिना राहिलाय."

पहिल्या रविवारी मी वही घेऊन गेले. आबा खळ्यात बाजेवर बसले होते. अंगात बंडी, मांडीवर बंदूक. माझ्याकडे पाहून हसले.

"ये, पत्रकवाली. वही आणलीस? बंदूक वहीत शिकतात व्हय?"

"लिहून ठेवलेलं बरं असतं."

"तुझा आजा पन तेच म्हनायचा. माझ्यावर लिवलेलं अजून ठेवलंय मी कपाटात."

हे चेष्टेत होतं की धमकीत, मला कळलं नाही. मी वहीत तारीख घातली.

दोन रविवार त्यांनी दारूचा कण दाखवला नाही. फक्त गज. म्हणजे नळीत दारू ठासायची लांब सळई. बंदूक हातात घेतली की आधी गज नळीत सोडायचा. तळाला टेकला की नळीच्या तोंडाशी गजावर एक खाच येते. खाच तोंडाला टेकली तर बंदूक रिकामी. खाच बोटभर वर राहिली तर आत बार आहे. मी शंभरदा गज सोडला, शंभरदा खाच पाहिली. नळीत गज पडल्याचा ठण्ण आवाज कानात बसला.

"बंदूक भरलेली हाय का न्हाय, हे मानसाला इचारू नको," आबा म्हणाले. "मानूस इसरतो. मानूस खोटं बोलतो. गजाला इचारायचं."

वाक्य चांगलं होतं. पण मी त्याच वेळी आबांच्या फाटकाकडे बघत होते. तिथे एक पांढरी गाडी उभी होती, मुंबईच्या नंबरची. पायात पांढरे बूट घातलेला एक माणूस आबांच्या मुलाशी बोलत होता आणि हाताने ओहोळाच्या पलीकडे दाखवत होता. पलीकडे आमचं शेत.

"कोण आहेत?" मी विचारलं.

"येतात. चहा पितात. जातात," आबा म्हणाले. "तू गज बघ."

त्यांच्या सुनेनं मला चहा आणला. स्टीलचा पेला, कडेला चेपलेला. मी तो हातात धरून आबांचा पेला कोणता आहे ते पाहिलं. तोही चेपलेला होता. घरी परत जाताना माझी मलाच लाज वाटली, आणि पुढच्या रविवारी मी पुन्हा पाहिलं.

तिसऱ्या रविवारी दारू आली. बांबूचं एक टिचभर नळकांडं, तेच माप. ते भरून नळीत ओतायचं. वर काथ्याचा बोळा. मग गजानं ठासायचं, फार जोरात नाही, तळ लागला हे हाताला कळेपर्यंत. शेवटी बाहेरच्या बाजूला, घोड्याखाली, तांब्याची छोटी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, ठिणगी आत जाते, बार होतो. टोप्या आबा बंडीच्या खिशात ठेवत. माझ्या हातात एकच देत, आणि तीही शेवटच्या क्षणी.

माझा पहिला बार झाला तेव्हा खांद्याला धक्का बसला, पांढरा धूर तोंडावर आला, आणि वरच्या नारळावरून दोन कावळे उडाले. दोनच. आजा बार काढायचा तेव्हा अख्खा डोंगर बोलायचा, असं मला आठवत होतं.

घरी आले आणि आजाची पत्र्याची पेटी उघडली. बंदूक ठाण्यात होती, पण बाकीचं सामान पेटीत होतं. काथ्या, तेलाची चिंधी, आणि एक पितळी माप. मी आबांचं नळकांडं नजरेनं मोजून ठेवलं होतं. आजाचं माप त्याच्या जवळजवळ दुप्पट होतं.

त्या क्षणी मला सगळं कळलं असं वाटलं. आबा मला अर्धी दारू शिकवत होते. मी ठाण्यात सांगणार की येतं, परवाना येणार, आणि मग आमच्या शेतातून फुसके बार निघणार. डुकरं लोळणार. आत्या दोन हंगामांत कंटाळणार. पांढऱ्या बुटांचा माणूस ओहोळ ओलांडणार. आबांनी एका शब्दानंही खोटं न बोलता हे सगळं केलेलं असणार. आजानं काढलं तसं पत्रक मला डोळ्यांसमोर छापून आलेलं दिसलं.

हे मी आत्याला सांगितलं नाही. पुरावा हातात आल्याशिवाय बोलायचं नाही, असं मी ठरवलं. पत्रकांनी मला ही शिस्तही शिकवली होती, आणि मी ती नको तिथे वापरली.

चौथ्या रविवारी मी आजाचं माप ओढणीत गुंडाळून नेलं. आबांसमोर त्यांच्या नळकांड्यानं दारू ओतली, बोळा घातला, ठासलं. इतक्यात आतून सुनेची हाक आली. बँकेतून कुणाचा तरी फोन होता. आबा उठले.

"टोप्या माझ्याजवळ हायेत. घोड्याला हात लावू नको. आलोच."

दारूचा डबा बाजेखाली होता. मी आजाचं माप काढलं, अर्धं भरलं, कारण मला वाटलं आता बरोबर दुप्पट होईल, आणि नळीत ओतलं. वर दुसरा बोळा. गजानं ठासलं. आत आधीच एक बोळा आहे, म्हणजे मी दारूवर दारू नाही तर बारावर बार भरतेय, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. गजाची खाच कुठे आहे हे मी पाहिलं नाही. शंभरदा पाहिली होती, त्या एकदा पाहिली नाही. त्यांच्या खाचेवरही माझा विश्वास उरला नव्हता.

आबा आले. टोपीसाठी खिशात हात घातला आणि थांबले. मग, नेहमीसारखा, गज नळीत सोडला. खाच चांगली दोन बोटं वर राहिली.

ते खाचेकडे बघत राहिले.

"किती भरलंस?"

"तुम्ही सांगितलं तेवढंच," मी म्हणाले.

माझ्या आयुष्यात मी पुष्कळ भांडले आहे. सभेत, वर्गात, घरात. पण सरळ विचारलेल्या प्रश्नाला इतक्या सहज खोटं उत्तर दिल्याचं मला आठवत नाही. वाक्य तोंडातून निघालं तेव्हा आवाजही कापला नाही.

आबांनी नळीत पाणी ओतलं. गजाच्या टोकाला एक लोखंडी पेच बसवला, बुचात घालतात तसला, आणि तो फिरवत फिरवत आतला बोळा बाहेर काढला. काळं पाणी खळ्यात वाहिलं. मग दुसरा बोळा. दोन्ही बोळे त्यांनी बाजेच्या कडेवर शेजारी शेजारी ठेवले. बोळे तिथे असताना मला पुन्हा विचारायची त्यांना गरज नव्हती, आणि त्यांनी विचारलं नाही.

"आज एवढंच," ते म्हणाले.

घरी येऊन मी माप पेटीत टाकलं तेव्हा आवाज झाला. आत्या आली.

"ते कशाला काढलंस?"

"आजा याच्यानं दारू मोजायचा ना?"

"दारू? ते छऱ्यांचं माप आहे. पूर्वीचं, आजा तरणा होता तेव्हाचं. दारू तो शिंपल्यानं घालायचा. एक शिंपला, बस." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "काय केलंस?"

मी सांगितलं. आत्या पायरीवर बसली.

"नळी फुटली असती तर तोंड गेलं असतं तुझं," ती म्हणाली. मग म्हणाली, "आबा ठाण्यात काय सांगतील आता?"

त्या आठवड्यात मी दुसरा काही विचार केला नाही. ते सांगतील की पोरगी भरलेल्या बंदुकीत पुन्हा भरते. अर्ज तिथेच संपेल. आणि ते खरं असेल, म्हणून मला त्यावर पत्रकही काढता येणार नाही.

गुरुवारी ठाण्यात बोलावलं. हवालदार टेबलाशी, आबा एका खुर्चीवर, मी आणि आत्या बाकावर. आबा सांगत गेले, हवालदार लिहीत गेले. अर्जदार माझ्या ओळखीची. घर चांगलं. चार रविवार माझ्यासमोर शिकली.

"हात कसा आहे?" हवालदारांनी विचारलं.

"हात चांगला हाय," आबा म्हणाले. "गजाची सवय लागलीय."

"काही चूक, हलगर्जी?"

"न्हाय."

आत्यानं माझं मनगट धरलं. आनंदानं धरलं. आणि जिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं त्या माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा: आता मी यांच्या मुठीत आहे. उद्या ओहोळाचा वाद निघेल, कुंपण पुन्हा सरकेल, आणि मी तोंड उघडलं की आबा म्हणतील, सांगू का त्या रविवारचं? यात फायदा कुणाचा?

पण खरं सांगायचं तर तेवढाच विचार नव्हता. दुसऱ्यांच्या खोट्या जबाबांवर मी पानंच्या पानं लिहिली होती. आता समोर एक खोटा जबाब माझ्याच सोयीसाठी लिहिला जात होता, निळ्या शाईत.

"हे बरोबर नाही," मी म्हणाले.

"काय बरोबर नाही?"

"चौथ्या रविवारी मी भरलेल्या बंदुकीत दुसऱ्यांदा बार भरला. यांनी विचारलं तेव्हा खोटं बोलले. तेही लिहा."

आत्याचा हात सुटला. हवालदारांनी पेन खाली ठेवलं, आबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही अर्जदार आहात की तक्रारदार?"

"अर्जदार."

"मग असं कसं बोलता? आणि आबा, तुम्ही आत्ताच काय सांगितलंत मला?"

आबांचा चेहरा लाल झाला. तेव्हा मला कळलं की मी फक्त माझ्यावर बोलले नव्हते. पोलिसांसमोर खोटा जबाब देणारा परवानाधारक म्हणून त्यांचंही नाव मी कागदावर आणलं होतं. ठाण्यात येताना हा विचार मी केलाच नव्हता. माझं खरं मला इतकं मोठं वाटलं की त्याच्याखाली कोण येतंय हे मी पाहिलं नाही.

हवालदारांनी नवा कागद घेतला. सगळं लिहिलं. आबांनी सही केली, पेन टेबलावर टाकलं, आणि निघाले.

मी त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावले.

"आबा, तुम्ही खोटं का सांगितलंत?"

ते वळले. "आता हे पन लिवून घेनार हाईस?"

"नाही. मला कळलं पाहिजे."

"डुकरं कुठनं येतात माझ्या सुरणात?" त्यांनी विचारलं. "तुमच्याकडनं. तुझा आजा खालनं बार काढायचा, मी वरनं. दोघांनी मिळून काढला तरच डुकरं डोंगरात जातात. एकट्यानं काढला तर नुसता ओहोळ ओलांडतात. या पावसाळ्यात तुझा आजा न्हवता, तर माझं अर्धं सुरण गेलं. तुमच्या शेतात बंदूक पायजे मला. तुझ्यासाठी न्हाय, सुरणासाठी."

"आणि पांढरी गाडी?"

"कंची गाडी?" मग त्यांना आठवलं, आणि ते मोठ्यानं हसले. ते हसणं चांगलं नव्हतं. "त्यो माझीच वाडी मागत होता गं. तुमची दाखवून म्हनत होता, तिकडची मिळाली तर भाव देतो, नुसत्या ह्या तुकड्याला न्हाय. मी न्हाय म्हनलं. तुला काय वाटलं?"

ते रिक्षात बसून निघून गेले.

घरी आल्यावर बाबांना आत्यानंच सांगितलं. बाबा हसले, मग गंभीर झाले, मग म्हणाले, "चांगलं केलंस की वाईट, मला नाही सांगता येत. पण शेताचं आता बघायला लागेल." दोन दिवसांनी त्यांचा एक ओळखीचा माणूस शेत बघायला आला. बांधावर उभा राहून त्यानं मोबाईलवर चारही बाजूंचे फोटो काढले.

आत्या त्याच वेळी शेतात होती. भाताच्या कापलेल्या बुडख्यांमधून चालत ती वाल पेरत होती, पदरात बी घेऊन. त्या माणसाच्या पायाशी आली तेव्हा म्हणाली, "जरा बाजूला व्हा, इथे वाल पडायचाय." तो बाजूला झाला. ती पुढे पेरत गेली. बाबा बघत राहिले, आणि मग त्यांनी त्या माणसाला रस्त्यापर्यंत पोचवलं.

"बंदूक नाही, आत्या," मी म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

तिनं खोपटातून गोड्या तेलाचा रिकामा डबा आणि एक लाकडी दांडका आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "तू खरं बोललीस ना? मग शेंगा भरल्यापासून काढणीपर्यंत तू वाजवायचास. मी झोपणार."

मी वाजवला. अंगठ्याच्या बुडाशी फोड आला, फुटला, पुन्हा आला. ओहोळाच्या बाजूचा एक पट्टा डुकरांनी घालवला. बाकीचा वाल हाती आला. आबांच्या वाडीतून बार व्हायचा तेव्हा मी त्याच्या मागोमाग डबा बडवत असे. आम्ही तसं ठरवलं नव्हतं. त्यांच्याशी बोलणं झालेलं नाही.

अलिबागहून अर्ज शेरा मारून परत आला: ठाण्याच्या देखरेखीखाली सराव, मग नव्यानं जबाब. आबांना ताकीद मिळाली, परवाना राहिला. तो सराव पुरा झाल्यावर नवा जबाब त्यांनी मागच्या महिन्यात दिला. मी नक्कल मागून घेतली आणि तीन वेळा वाचली. चूक लिहिली आहे, तारीख लिहिली आहे, मी स्वतः कबूल केल्याचं लिहिलं आहे. शेवटी एक ओळ आहे: "अर्जदारास परवाना देण्यास माझी हरकत नाही, शेजारी म्हणून गरज आहे."

या ओळीत काही दडलंय का ते मी अजून शोधते आहे. आत्या म्हणते, काही नाही, तुला वाचायचा रोग आहे. असेल. अर्ज पुन्हा अलिबागला गेला आहे.